चोरओटीची भाषा आणि पहिले तीन महिने

मराठी पुस्तकांच्या दुकानात मातृत्वविषयक पुस्तकांचे जे कपाट असते, त्यातील शीर्षके ओळीने वाचत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. या पुस्तकांचा नायक अजून जन्माला यायचा आहे. तो तेजस्वी व्हावा, एकपाठी व्हावा, गोरागोमटा व्हावा यासाठी त्याच्या आईने कोणता श्लोक ऐकावा, कोणाचे चरित्र वाचावे, उशाशी कोणते चित्र लावावे, याची बारीकसारीक तजवीज तेथे केलेली असते. ज्या बाईच्या देहात हे सारे घडायचे, ती मात्र या पुस्तकांत बहुधा पात्र म्हणूनही येत नाही. पात्राच्या दुसऱ्या अर्थाने, म्हणजे भांडे म्हणून, तेवढी येते. सकाळी फोडणीच्या वासाने तिला भडभडून येते तेव्हा चुलीशी कोणी उभे राहावे, तिच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, पाळी चुकण्याआधीच कोणती गोळी सुरू करायला हवी होती, हे प्रश्न तेथे परिशिष्टाच्या योग्यतेचे मानले जातात.

हा प्रश्न वैद्यकाचा आहे, साहित्याच्या अध्यापकांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा प्रश्न आधी भाषेचा आहे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांची तयारी म्हणजे काय, ती कोणी करायची, कोणासाठी करायची आणि केव्हा सुरू करायची, हे आपल्या समाजात डॉक्टर ठरवीत नाहीत. आपण वापरतो ते शब्द ठरवतात. आणि मराठीतील हे शब्द, आज ज्या अर्थाने ते रूढ झाले आहेत त्या अर्थाने, उशिरा जागे होतात आणि चुकीच्या माणसाकडे पाहतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्द पाहू. 'दिवस गेले', 'दिवस राहिले', 'पाय जड झाले', 'कूस उजवली', 'गोड बातमी आहे'. यांपैकी पहिल्या तिहींत बाई वाक्याची कर्ती नाही. दिवस जातात, दिवस राहतात, पाय जड होतात. 'गोड बातमी' तर सरळसरळ इतरांसाठी आहे. बातमी ज्याला कळते त्याच्या तोंडाला गोडवा. जिला ती घडते तिच्या तोंडाला या काळात बहुधा कडू-आंबट चव असते. गर्भवतींपैकी सुमारे ७० ते ८० टक्के स्त्रियांना सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ किंवा ओकाऱ्या होतात. या अवस्थेला नाव देताना भाषेने गोड हे विशेषण निवडले, यातच भाषा कोणाच्या बाजूने उभी आहे ते कळते.

याहून बोलका शब्द आहे तो 'चोरओटी'. सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटाने होते. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, चंद्राची कोर, नाव, सारे काही असते. त्याआधी, साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, घरातल्या घरात, फारसा गाजावाजा न करता ओटी भरतात ती चोरओटी. माहेरची चोळी येते ती चोरचोळी. या प्रथेमागची काळजी आम्हांस कळते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेल की नाही याची खात्री नसते, म्हणून बोभाटा नको. परंतु भाषेने या काळजीला जे नाव दिले ते चोरीचे आहे. जी अवस्था सर्वांत नाजूक, जिच्यात मदतीची गरज सर्वांत जास्त, तीच चोरून काढायची. आणि जेव्हा पोट सर्वांना दिसू लागते, मळमळ बहुतेकींची ओसरलेली असते, तेव्हा तिला विचारायचे, 'तुला काय खावेसे वाटते?'

आता काळाचा हिशेब पाहू, कारण या वादाचा कणा तोच आहे. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत गर्भाची मज्जानलिका मिटते. पुढे मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यापासून घडतो तीच ही नलिका. ती नीट मिटली नाही तर मूल मेंदूच्या किंवा कण्याच्या गंभीर व्यंगासह जन्माला येते किंवा जगतच नाही. ही नलिका नीट मिटावी यासाठी फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व लागते. पाळी चुकते तेव्हा गर्भधारणेला जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. मग आणखी आठवडाभर वाट पाहायची, मग तपासणी, मग सासूला सांगायचे की नाही याचा विचार, मग डॉक्टरकडे जायला नवऱ्याला सवड. एवढ्यात ती नलिका मिटून गेलेली असते. म्हणूनच मूल हवे असे ठरल्यापासून, निदान महिनाभर आधीपासून, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे असे जगभरचे वैद्यक सांगते. पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले असेल तर मात्रा बरीच मोठी लागते आणि ती डॉक्टरने ठरवायची असते. १९९१ साली सात देशांतील ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आधीच्या मुलात असे व्यंग होते त्या स्त्रियांत या गोळीने पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. गोळी स्वस्त आहे. अडचण गोळीची नाही. अडचण ही की आपल्या भाषेत 'पाळी चुकण्याआधीची तयारी' या कल्पनेला नावच नाही. आपले पहिले वाक्य 'दिवस गेले' हे आहे, आणि तोवर खरोखरच दिवस गेलेले असतात.

परंपरेच्या नावाने जे बोलतात त्यांना आम्ही परंपरेकडेच नेऊ इच्छितो. महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत पाचव्या शतकात, म्हणजे पाचव्या शंभर गाथांत, एक गाथा आहे. घर दरिद्री आहे. बाईला डोहाळे लागले आहेत. तिला कशाची इच्छा आहे असे विचारले जाते. नवऱ्याची ओढाताण तिला ठाऊक आहे. त्याला लाजवायचे नाही म्हणून ती सांगते की मला पाण्याचे डोहाळे लागले आहेत. वर्गात ही गाथा शिकवताना गृहिणीच्या समंजसपणाचे कौतुक करून पुढच्या गाथेकडे जाण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ही गाथा समंजसपणाची नसून उपासमारीची आहे. ज्या भाषेतून पुढे मराठी उमलली त्या भाषेने गर्भारपणाकडे पाहिले तेव्हा तिला प्रथम दिसली ती बाईची भूक, आणि ती भूक झाकण्यासाठी बाई करीत असलेली सारवासारव. त्या गाथेत गर्भाचा उल्लेख करण्याची कवीला गरजही वाटली नाही.

याउलट कालिदास पाहा. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गाच्या आरंभी गर्भवती सुदक्षिणेचे वर्णन येते. अंगात ग्लानी असल्याने तिने मोजकेच दागिने घातले आहेत. तिचा चेहरा लोध्रपुष्पासारखा फिका पडला आहे. तिच्या तोंडाला मातीचा वास येतो, कारण ती माती खाते आहे. ग्लानी, फिकेपणा आणि मातीची ओढ. आज कोणतीही आशाताई ही तीन लक्षणे ऐकून पहिल्यांदा डोळ्याची खालची पापणी ओढून पाहील, कारण लोहाची कमतरता आणि माती खाण्याची ओढ यांचे साहचर्य सुपरिचित आहे. कालिदासाने मात्र याचा अर्थ असा लावला की पुढे पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार आहे, म्हणून आईच्या मनात आधीच मातीची इच्छा उत्पन्न झाली. बाईचे लक्षण मुलाच्या भविष्याचे चिन्ह झाले. आम्ही कालिदासाला दोष देत नाही. महाकाव्याला राजा जन्माला घालायचा होता. परंतु तोच कवी लगेच पुढे सांगतो की सुदक्षिणा लाजेने काही बोलत नाही म्हणून राजा तिच्या सख्यांना पुन्हापुन्हा विचारतो, हिला काय हवे आहे? निदान त्या राजाला विचारण्याचे सुचले होते. आजच्या गर्भसंस्काराच्या पुस्तकांनी कालिदासाकडून पुत्राचे भविष्य उचलले आणि विचारपूस सोडून दिली.

आणि आपले वर्ग? पदवीच्या विद्यार्थ्याला दोहद म्हणजे काय असे विचारा. अशोकाला सुंदर स्त्रीची लाथ बसली की तो फुलतो, बकुळीला मद्याची चूळ लागते, हे तो बिनचूक लिहील. कविसंकेत म्हणून ते नोटसमध्ये असते. दोहद या शब्दाचा संबंध 'दोन हृदये असणे' या कल्पनेशी जोडला जातो, चरकाने ती अवस्था तिसऱ्या आणि सुश्रुताने चौथ्या महिन्यात सांगितली, त्या काळात स्त्रीची इच्छा मोडू नये असे दोघांचेही म्हणणे आहे, हे त्याच्या कानावरून गेलेले नसते. झाडाचे डोहाळे अभ्यासक्रमात आहेत, बाईचे नाहीत. रघुवंशाच्याच चौदाव्या सर्गात सीतेला गंगाकाठचे आश्रम पुन्हा पाहण्याचे डोहाळे लागतात आणि तिला वनात सोडण्यासाठी तीच सबब वापरली जाते. गर्भवतीने बोलून दाखवलेल्या इच्छेचे काय करता येते याचे यापेक्षा भेदक उदाहरण कोणत्या साहित्यात सापडेल? एवढे हाताशी असूनही मराठीतील डोहाळ्यांची चर्चा फुलांच्या दागिन्यांपलीकडे जात नसेल तर दोष परंपरेचा नव्हे, वाचनाचा आहे.

चरकसंहितेचे नाव तर या बाजारात उठताबसता घेतले जाते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात महिनावार आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात साधे, थंड दूध, मानवेल तेवढे. दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध. तिसऱ्यात मध आणि तूप घालून. त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत हा विचार किती व्यवहारी आहे पाहा. जिला काही टिकत नाही तिला थोडे, पातळ, थंड द्या, एवढेच तो सांगतो. शिवाय त्याच अध्यायात गर्भधारणेपूर्वीची तयारी आहे आणि ती दोघांची आहे. पुरुषानेही शरीरशुद्धी करावी, तूप-दूध घ्यावे असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुत्रप्राप्तीसाठी पुंसवनाचा विधीही आहे, हे आम्ही लपवीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारीशेजारी असताना आजच्या ग्रंथव्यापाराने नवऱ्याची तयारी गाळली आणि उत्तम पुत्राची हमी ठेवली. ज्या राज्याने देशात सर्वांआधी, १९८८ साली, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, त्या राज्यात ही निवड निरागस मानता येत नाही.

गर्भसंस्काराच्या समर्थनार्थ अभिमन्यू हटकून येतो. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह ऐकला, सुभद्रेला झोप लागली, म्हणून अर्धेच ज्ञान मिळाले. ही कथा लोकपरंपरेत रुजलेली आहे आणि कथा म्हणून सुंदर आहे. परंतु द्रोणपर्वात युधिष्ठिराशी बोलताना अभिमन्यू एवढेच सांगतो की व्यूह भेदण्याची युक्ती मला पित्याने शिकवली आहे, संकटात सापडलो तर बाहेर पडता येणार नाही. गर्भाची, झोपेची गोष्ट त्या संवादात नाही. महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्या पुण्यात सिद्ध झाली त्याच पुण्यातून या कथेवर आधारलेली वर्गांची जाहिरात निघावी, यातला विनोद आम्हांस हसू आणीत नाही. त्या कथेचे तात्पर्य काय ठरते ते पाहा: मुलगा मेला, कारण गर्भारपणी आईला झोप लागली. पहिल्या तीन महिन्यांत बाईला जी अनावर झोप येते ती शरीराची गरज असते. आपण तिला जी गोष्ट सांगतो ती झोपेला अपराध ठरवणारी आहे.

यावर एक आक्षेप सौम्य स्वरात घेतला जातो. चांगले ऐकले, चांगले वाचले, मन प्रसन्न ठेवले तर बिघडले कोठे? काहीच बिघडले नाही. राग भूप ऐकून बाईला बरे वाटत असेल तर तिने तो जरूर ऐकावा. मात्र ती तो स्वतःसाठी ऐकते आहे हे मान्य करावे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा कान ऐकण्याजोगा झालेला नसतो. आवाजाला प्रतिसाद पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो. आमची हरकत रागाला नाही, रागाच्या जोडीला येणाऱ्या धमकीला आहे. 'मन प्रसन्न ठेव, नाहीतर बाळावर परिणाम होईल' हे वाक्य प्रसन्नतेची सक्ती करते. उद्या काही बिघडले तर जबाबदार कोण, याचा निकाल ते आजच लावून ठेवते.

आणि बिघडते तेव्हा भाषा कशी वागते? ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ टक्के आपोआप संपतात, त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. अशा लवकरच्या घटनांपैकी निम्म्याच्या आसपास वेळी गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने किंवा सासूला उलट बोलल्याने तो निर्माण होत नाही. सुश्रुतपरंपरेने चौथ्या महिन्यापर्यंतच्या घटनेला स्राव आणि पुढच्या महिन्यांतील घटनेला पात असे वेगळे शब्द दिले होते. बोलभाषाही काळजीपूर्वक वागत होती: 'पोट पडले' हे अकर्मक, 'पोट पाडले' हे सकर्मक. आजच्या प्रमाण मराठीने दोन्हींसाठी 'गर्भपात' हा एकच शब्द पुढे केला, आणि जिचे आपोआप गेले तिच्या केसपेपरावर व करून घेतलेल्या बाईच्या केसपेपरावर एकच अक्षरे उमटली. 'झाला' की 'केला' हे सांगत बसण्याचे काम दुःखात असलेल्या बाईवर आले. करून घेणाऱ्या स्त्रीलाही १९७१ च्या कायद्याने हक्क दिला आहे, तिच्याकडेही बोट दाखवण्याचे कारण नाही. परंतु भाषेने दोन अनुभव एकमेकांत कालवले की दोघींनाही स्वतःचा अनुभव सांगता येत नाही. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांवर सोपवावा काय?

मनाई आणि मौन यांची वाटणीही तपासण्यासारखी आहे. पपई नको, अननस नको, ग्रहणात सुरी धरू नको, ही यादी प्रत्येक घरात तोंडपाठ असते. परंतु महाराष्ट्राच्या कित्येक घरांत सकाळी दातांना लावली जाते ती मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे, ती गर्भारपणात घेतल्याने मूल कमी वजनाचे, दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा मृत निपजण्याचा धोका वाढतो, हे सांगणारी आजी विरळा. पिकलेल्या पपईला बदनाम करणारी भाषा मशेरीबाबत गप्प राहते. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती गर्भधारणेपूर्वी निदान महिनाभर घ्यावी लागते, मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो, चालू असलेल्या औषधांविषयी आधी विचारावे लागते. या वाक्यांना म्हणींची लय नाही म्हणून ती घराघरांत पोचली नाहीत.

मराठीला अशी वाक्ये लिहिताच येत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्याकडे दुसरी परंपरा आहे. कल्याणकडच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, ते मूल दहा दिवसांत गेले; पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या आनंदीबाईंविषयीच्या भाषणांत समुद्रप्रवास येतो, नऊवारी येते, अकाली मृत्यू येतो. प्रबंधाचा विषय येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' चालवले. पाळी, गर्भधारणा, संततिनियमन यांविषयी सोवळे न पाळता, परंतु चवचालपणाही न करता, मराठी गद्य लिहिता येते हे त्यांनी दाखवून दिले आणि त्याची किंमत मोजली. ते गद्य मराठीच्या गद्यशैलीच्या अभ्यासात कोठे आहे?

आणखी एक गोष्ट. ज्या फॉलिक अॅसिडविषयी वर लिहिले त्याची कथा मुंबईतच सुरू होते. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. या बायका काय खातात याची तिने चौकशी केली. रोगाचे मूळ जंतूत नसून ताटात आहे असे तिला आढळले. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ तिच्याच नावाने ओळखत. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. आज जगभर जी गोळी घेतली जाते तिच्यामागे मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांचे रक्त आहे, हे शब्दशः खरे आहे. गिरणगावावर मराठीत कविता झाली, नाटके झाली, चळवळीचा इतिहास झाला. या बायकांवर एक निबंधही आमच्या वाचनात आलेला नाही. त्यांनीही विचारणाऱ्याला कदाचित 'पाणी' असेच उत्तर दिले असते. विल्सबाईंनी मात्र ताट पाहिले.

तो रक्तक्षय सरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया गर्भारपणात पाऊल टाकतात तेच रिकाम्या कोठाराने. त्याच पाहणीनुसार पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण ७० टक्के होते; उरलेल्या तीस जणींपर्यंत चोरओटीची भाषा पोचली, डॉक्टर पोचला नाही. सरकारची रीतही फारशी वेगळी नाही. दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी करणारे २०१६ चे पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान आखले गेले तेच चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठी.

कामाच्या जागी तर हे तीन महिने अस्तित्वातच नसतात. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याला दिवस गेले असे कोणी म्हणत नाही. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला दुसरा महिना आहे की नाही, हे मुकादमाच्या वहीत लिहिण्याची सोय नाही. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, समिती नेमली गेली; पाळी आणि गर्भारपण हा ज्या व्यवस्थेत खाडा ठरतो तिथे बाईने गर्भाशयच काढून टाकणे हा त्या व्यवस्थेचा तर्कशुद्ध शेवट होता. आणि शिकल्यासवरलेल्यांच्या महाविद्यालयांत? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण अध्यापिकेला तासाचे पैसे मिळतात. ओकारी येऊन तास बुडाला तर तो तास गेला. नियमित नोकरी असलेल्यांना १९६१ च्या कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेने २६ आठवड्यांपर्यंत रजा दिली, ती प्रसूतीच्या आठ आठवड्यांहून आधी सुरू करता येत नाही. आपोआप गर्भ गेल्यास सहा आठवडे आणि गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिना अशी तरतूदही आहे. ती मागायची तर सांगावे लागते, आणि आपण तर तिला न सांगण्याचे वळण लावले आहे.

येथे गैरसमज नको. प्रत्येकीने दुसऱ्या महिन्यात गावभर सांगत सुटावे असे आम्ही म्हणत नाही. न सांगणे हा तिचा अधिकार आहे, आणि घराबाहेरच्यांना चौकशा करण्याचा अधिकार नाही. परंतु तिने निवडलेला खाजगीपणा वेगळा आणि तिच्यावर लादलेली चोरी वेगळी. पहिल्यात ती बोलू शकते पण बोलत नाही. दुसऱ्यात तिला बोलायला शब्दच ठेवलेले नसतात.

मग आमची मागणी काय? ती लहान आहे आणि आपल्या आवाक्यातली आहे. गाथासप्तशती शिकवताना पाण्याच्या डोहाळ्यांची गाथा भुकेची गाथा म्हणून शिकवावी. रघुवंशाचा तिसरा सर्ग शिकवताना मातीचा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आज अभ्यासकांना खुला आहे. त्यातील गर्भारपणाच्या ओव्या लोकसाहित्याच्या तासाला केवळ 'वात्सल्य' या शीर्षकाखाली न टाकता बाई स्वतःविषयी काय सांगते म्हणून वाचाव्यात. 'समाजस्वास्थ्य'चे उतारे व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात यावेत. आणि त्याच अभ्यासक्रमात, जेथे आपण निविदा आणि निमंत्रणपत्रिका लिहायला शिकवतो, तेथे पाळी चुकण्याआधीच्या तयारीविषयी एक पानभर स्वच्छ मराठी लिहायला सांगावे: गोळी कोणती, केव्हापासून, तपासणी कोणती, नवऱ्याने काय करायचे, घराने कोणते काम उचलायचे. पाठ्यपुस्तकातील धड्याइतकेच ते कठीण आहे, हे लिहायला बसल्यावर कळेल.

आपल्या वर्गात समोर बसलेल्या मुलींपैकी कित्येकींची लग्ने पदवीच्या निकालाच्या आगेमागे होतात. त्यांच्यापर्यंत गर्भसंस्काराचे पुस्तक आहेर म्हणून पोचणारच आहे. त्याला वितरक आहेत, जाहिरात आहे. त्याआधी त्यांच्या हाती दुसरी काही वाक्ये पडावीत, एवढी जबाबदारी मराठीच्या अध्यापकांवर येते. अशोकाच्या लाथेसाठी आपण एक तास देतो. या विषयासाठी दुसरा तास मिळणार नसेल तर तोच द्यावा.